धुलाईखोलीतला कागद

आमच्या इमारतीत कुणी कुणाला तोंडावर बोलत नाही. तळघरातल्या धुलाईखोलीत चिठ्ठी लावतात. ‘ड्रायरच्या जाळीतला कचरा काढत जा.’ ‘सकाळची वेळ माझी आहे.’ खाली सही नसते. पंधरा वर्षांत त्या भिंतीवर एकही गोड शब्द मी वाचलेला नाही.

म्हणून गुरुवारी चादरी घेऊन खाली गेलो आणि तिथे माझ्याच गाण्याची दोन कडवी दिसली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

‘टाळ्या वाजल्या की मी दार शोधतो,
आज ना उद्या यांना कळेलच...’

वीस वर्षं मी इंग्रजीत गातोय. परक्या भाषेत काहीही म्हणा, आपल्याला लागत नाही. हे माझ्या स्वतःच्या भाषेतलं, स्वीडिशमधलं पहिलंच गाणं, शनिवारी गावच्या सभागृहात गायचं होतं. आत्तापर्यंत ते फक्त आमच्या बँडमध्ये बास गिटार वाजवणाऱ्या तूरेने ऐकलं होतं. ऐकून त्याने कॉफी ढवळली आणि “वाईट नाही” म्हणाला. त्या दोन शब्दांनी मला चार दिवस छळलं.

त्याची बहीण आमच्याच इमारतीत राहते. म्हणजे त्यानेच तिला सांगितलं असणार. मी फोन करून त्याला वाट्टेल ते बोललो, शनिवारी मी गाणार नाही म्हणून सांगितलं. तो शपथा घेत राहिला. शेवटी म्हणाला, संध्याकाळपर्यंत विचार कर, मग सभागृहाला कळवतो.

फोन ठेवला आणि धुलाईखोलीच्या दारावरच्या, धुण्याच्या वेळा नोंदवायच्या यादीकडे लक्ष गेलं. गाण्याच्या कागदावरचंच गोल-गोल वळणांचं अक्षर तिथे होतं: मार्गित, चौथा मजला. माझ्या डोक्यावर राहणारी विधवा. मागे माझ्या पियानोविरुद्ध लागलेली चिठ्ठीही तिचीच असणार.

तडक वर गेलो. रागातही दारात बूट काढावे लागले, आणि मोज्यांवर भांडणाऱ्याला कोण भीक घालतं?

“तू न्हाणीघरात गातोस,” ती म्हणाली. “हवेच्या नळीतून सगळं वर येतं.”

“म्हणून भिंतीवर लावून हसायचं?”

“हसतंय कोण? कपड्यांच्या घड्या घालताना वाचते मी ते. नवरा गेल्यापासून सगळ्यांना ‘बरं चाललंय’ सांगते. मलाही वाटतं, आज ना उद्या कळेल यांना.”

माझा विश्वास बसेना. मग तिसरं कडवं का नाही लावलं, असं विचारलं. त्यात उजाडतं, भीती पळते, सगळं छान होतं.

“तिथे तू खोटं बोलतोस,” ती म्हणाली.

मला राग यायला हवा होता. आलं ते रडू. इतकी वर्षं ज्या पकडले जाण्याला भीत होतो ते हेच, आणि बाई शांतपणे माझ्यासाठी दालचिनीचा पाव कापत होती.

घरी येऊन तूरेला फोन केला, माफी मागितली. शनिवारी गातोय म्हटलं, पण तिसरं कडवं काढून टाकलंय.

“मग चांगलं आहे,” तो म्हणाला.

यावर मी अजून संशय घेतलेला नाही.