कच्च्या रकान्यातलं उदाहरण

माझ्या जिभेला हाड नाही हे सगळी शाळा जाणते, म्हणून मीच सांगून टाकते: तो तक्ता मी केला. दुसऱ्या कुणाचं बोटही त्याला लागलेलं नाही.

निबंधाला मार्क कसे द्यायचे, याचा तक्ता. उत्तम, चांगला, बरा आणि कच्चा असे चार रकाने. मांडणी, भाषा, मुद्दे, शेवट अशा चार ओळी. एकाच निबंधाला मी बारा द्यायचे आणि शेजारच्या तुकडीचे सर सतरा, मग पालक भांडायला यायचे. म्हणून मुख्याध्यापिकांनी, आमच्या मोठ्या बाईंनी, हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. वर अट घातली, "प्रत्येक रकान्यात मुलांच्या वह्यांतलंच उदाहरण हवं, मनाचं नको. आणि उद्या सकाळी छापायला जायचंय."

'उत्तम'साठी डॉक्टरांच्या मुलीचा निबंध घेतला. 'कच्चा'साठी हाताला लागली ती वही उघडली आणि दोन ओळी उतरवल्या: "आमच्या घरात फ्रीज बोलतो. बाबा आले की मी आणि आई तोच ऐकत बसतो." खाली शेरा मारला: वाक्यं तुटक, मुद्दे नाहीत, शेवट नाही.

वही चिमणीची होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, उगाच खोटं कशाला बोलू. ती बोललीच तर चिमणीएवढं बोलायची, म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव. निबंधाची वही कायम कोरी. शाळा सुरू झाल्यापासून मी तिच्या मागे लागले होते, "मनात येईल ते लिही गं बाळा, मी कुणाला दाखवणार नाही." तेव्हा कुठे तिनं अर्धं पान लिहिलं होतं, आणि त्या रात्री मला माझ्याच घरातला फ्रीज ऐकू आला होता. पण ऐकू काय येतं त्याला तक्त्यात मार्क नव्हते.

तक्ता प्रत्येक वर्गात लागला. नाव नव्हतं, पण पोरं काय दूधखुळी असतात? तक्ता वाचताच चिमणीनं मान खाली घातली, तेवढं त्यांना पुरलं. मधल्या सुट्टीत तिला 'फ्रीज, फ्रीज' म्हणून चिडवणं सुरू झालं. मी दोघांचे कान उपटले. तक्ता काढा म्हणून मोठ्या बाईंशी भांडले. "आता छापलाय," त्या म्हणाल्या. चिमणीची माफी मागायची असं रोज ठरवायचे. एरवी कुणाची भीडभाड न ठेवणारी मी, त्या पोरीसमोर माझी जीभ रेटेना.

सहामाहीला 'माझे घर' विषय आला. चिमणीनं तीन पानं लिहिली. सुरुवातीला सुविचार, मध्ये चार मुद्दे, शेवटी तात्पर्य. 'बाबा घरी येताच आमच्या घरात आनंदीआनंद पसरतो.' एखादा मार्क कापायला जागा मिळावी म्हणून मी तक्ता शेजारी ठेवून तीनदा वाचलं. नाही मिळाली.

तिला टेबलाशी बोलावलं. "हे खरं आहे का गं?"

"तक्त्याप्रमाणे आहे, बाई," ती म्हणाली.

वीसपैकी वीस द्यावे लागले. पालकसभेला तिची आई आली. उभ्यानंच तिन्ही पानं वाचली आणि माझा हात हातात घेतला.

"उपकार झाले बाई. घरातलं बाहेर बोलू नकोस, हे मी तिला किती दिवस सांगत होते. तुमच्याकडून शिकली."

मी पुढच्या पालकांना हाक मारली. त्या घरात काय चाललंय हे विचारायला मला आता तोंड उरलेलं नाही.