डाव्या चाकाचा आतला पॅड

मी ब्रेक पॅड बोलतोय. नाक मुरडू नका. तुम्हाला गाडीचा रंग ठाऊक असतो, सीटची कव्हरं ठाऊक असतात, पण उतारावर तुमचा जीव कोण सांभाळतं असं विचारलं की तुम्ही तोंडाकडे बघत बसता. मी सांभाळतो. पंज्याएवढी एक लोखंडी पाटी आणि तिच्यावर दाबून बसवलेला राखेच्या रंगाचा खरखरीत थर, एवढाच माझा ऐवज. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. तुम्ही पाय दाबला की मी आतून आणि माझा भाऊ बाहेरून तिला चिमटीत धरतो, आणि गाडी थांबते.

माझ्याबद्दल कोणी ‘चंदनासारखा झिजला’ वगैरे लिहू नये. चंदनाला सुवास येतो. मी झिजतो तेव्हा जळका वास येतो आणि काळी पूड पडते. शिवाय मी कुणावर उपकार म्हणून झिजलो नाही, ते माझं कामच होतं. मला राग आहे तो ज्याच्यासाठी झिजलो त्या माणसाचा.

मी त्याला साहेब म्हणतो, कारण तो स्वतःला तसंच समजतो. एका कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी आहे. ‘घाई करू नका’, ‘आधी तपासा, मग वापरा’ अशा पाट्या भिंतीभिंतीवर लावणं आणि हेल्मेट न घालणाऱ्या कामगारांना चारचौघांत झापणं हा त्याचा पोटाचा धंदा. घर टेकडीवर, कारखाना खाली. मधे सात वळणांचा रस्ता. सकाळी हाच माणूस एका हातात फोन धरून ती सात वळणं उतरायचा, आणि सगळा भार माझ्यावर. उतारावर गिअर खाली घ्यायचा असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. बायकोने सांगितलं होतं. म्हणून तर त्याने घेतला नाही.

चार वर्षं मी हे सोसलं. माझ्या अंगाला पत्र्याची एक छोटी जीभ आहे. थर संपत आला की ती चकतीला घासते आणि किंचाळते. ती किंचाळायला लागली तेव्हा साहेबाने काय करावं? त्याने रेडिओ मोठा केला.

“अरे, तो आवाज कसला?” शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं.

“धूळ असेल.”

महिन्याभराने ती म्हणाली, “अजून येतोय आवाज.” तेव्हा साहेबाच्या मते तो थंडीमुळे येत होता. मग टायरमध्ये हवा भरायला गेला असता तिथल्या मेकॅनिकने न विचारताच सांगितलं, “साहेब, डावीकडचा आतला पॅड संपलाय.”

“चाक न काढता दिसला तुला?”

“ऐकू आला ना.”

साहेब हसला. घरी येऊन उकिडवा बसला, चाकाच्या फटीतून फोनचा उजेड पाडला आणि त्याला दिसला माझा बाहेरचा भाऊ. तो ऐतखाऊ पहिल्यापासून अंग चोरून काम करणारा, त्यामुळे अजून चांगला गुबगुबीत होता. “हा बघ केवढा जाड आहे!” साहेब बायकोला म्हणाला. “लोकांना घाबरवून कामं काढायची, दुसरं काय.” आतही कोणी असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आणि हे सगळं चाललं होतं बायकोला नववा महिना लागलेला असताना. हॉस्पिटल खाली, सातव्या वळणाच्याही पुढे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आता कधीही निघावं लागेल. म्हणून बायकोची आई मदतीला येऊन राहिली होती. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई. येताना स्वतःचं मशीन घेऊन आली आणि खिडकीपाशी बसून बाळाची दुपटी शिवू लागली. जावयाशी कामापुरतंच बोलायची. साहेबाच्या मते तिला सुईदोऱ्यापलीकडे काही कळत नव्हतं.

शनिवारी बायकोने निर्वाणीचं सांगितलं. “गाडी अशी केकाटत असेल तर मी तिच्यात बसणार नाही. चालत जाईन.”

“त्यात काय एवढं? उद्या मी स्वतः बदलतो,” साहेब म्हणाला. दुसऱ्या दिवशी रविवार, गॅरेज बंद, आणि त्या मेकॅनिकचं तोंड बघण्यापेक्षा साहेबाने चाकं चावून काढली असती. त्याने अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ चार वेळा पाहिला, तोही दुप्पट वेगाने.

रविवारी सकाळी त्याने आधी जॅक लावून चाक उचललं आणि मग नट सोडवायला घेतले. चाक हवेत, ते पान्याबरोबर गरागरा फिरायला लागलं. खाली उतरवलं, नट ढिले केले, पुन्हा उचललं. व्हिडिओतला माणूस हे सगळं आधीच सांगून मोकळा झाला होता. उजवं चाक मात्र त्याने फोन समोर ठेवून, थांबत थांबत, बरोबर केलं. तेवढ्याने त्याची छाती फुगली. डाव्या चाकाशी आला तेव्हा फोन खिशात गेला होता.

मग त्याने मला बाहेर ओढलं. चार वर्षांनी मी ऊन बघितलं. माझ्या अंगावर थर उरला होता नखाएवढा. साहेबाचा चेहरा पांढरा पडला. “बापरे,” तो म्हणाला, आणि लगेच कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं. मला वर्तमानपत्रावर आपटून त्याने खोक्यातून नवे पॅड काढले. बाहेरचा नवा पॅड एकाच बाजूने बसतो, म्हणून तो वाचला. आतला दोन्ही बाजूंनी बसतो.

साहेब तो हातात घेऊन पुटपुटला, “डावीकडे सगळं उजव्याच्या उलट असणार.” आणि त्याने नवा पॅड उलटा घातला. लोखंडी पाठ चकतीला, खरखरीत तोंड मागे.

मी पडल्या जागी बघत राहिलो. लोखंडावर लोखंड काही धरत नाही, नुसतं सरकतं आणि तापतं. पहिली एक-दोन वळणं निभतील, मग उतार वाढला की काय होईल हे मला माहीत होतं. त्या गाडीत पोटुशी बाई बसणार होती. पण माझी जीभ चालते ती फिरत्या चकतीवर, वर्तमानपत्रावर नाही. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन खाली आल्या. मनगटावर टाचण्यांची उशी तशीच बांधलेली. कप ठेवला आणि त्यांनी मला उचललं.

“ठेवा ते आई, हात काळे होतील.”

त्यांनी ऐकलं नाही. अंगठा माझ्यावरून फिरवला. “ही गुळगुळीत झालेली बाजू कशाला लागायची?”

“त्या चकतीला. घासून घासून झालीय तशी.”

त्या वाकल्या, चकतीच्या मागे बोटं घातली, चाचपलं. “मग नव्याची खरखरीत बाजू इकडे मागे का लागतेय हाताला?”

“आई, हे शिवणकाम नाही. ही डावी बाजू आहे. ती उजव्याच्या उलट असते.”

“बाही पण डावी-उजवी असते,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून डाव्या बाहीचं अस्तर कोणी बाहेर काढत नाही. नवं बेतायचं तर जुनं समोर ठेवावं. कुठे झिजलंय त्यावरून कळतं अंगाला कुठे लागत होतं ते.”

साहेबाचे कान लाल झाले. “तुम्ही वर जा बघू. इथे तेल सांडलंय, पाय घसरेल.”

आणि त्याने खरंच पॅड दाबणारा वरचा भाग बसवला, बोल्ट आवळले, चाक चढवलं. त्याला कळत नव्हतं असं नाही. मला वाटतं त्याला अर्धंमुर्धं कळलं होतं, पण सासूसमोर चाक पुन्हा उघडायचं म्हणजे त्याला मरणापेक्षा जड. बायकोच्या जिवाची किंमत या माणसाने आपल्या ऐटीपेक्षा कमी लावली. अशा माणसाबद्दल मी चांगलं कसं बोलू?

सासूबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मला बशीत ठेवलं, वर नेलं आणि लेकीसमोर टेबलावर मांडलं. दोन वाक्यांत काय ते सांगितलं. लेक पोट सावरत उठली आणि बाल्कनीत गेली.

“अरे, चाक लावलंस?”

“लावलं! झालं काम.”

“मग परत काढ.”

“का?”

“मला त्यात बसायचंय म्हणून.”

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. “नवऱ्यावर विश्वास नाही का तुझा?” साहेब खालून दबक्या आवाजात म्हणाला.

“नवऱ्यावर आहे. चाकावर नाही. काढ.”

खालून पान्याची करकर ऐकू आली, मग जॅकची. तासाभराने साहेब वर आला, कोपरापर्यंत काळा. साबण मागितला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “एक जरा उलटा बसला होता. बरं झालं माझ्या लक्षात आलं.”

बायकोने आईकडे बघितलं. आई सुईत दोरा ओवत होती.

मंगळवारी पहाटे कळा सुरू झाल्या. मी घरीच होतो, त्यामुळे पुढचं मी नंतर फोनवरच्या गप्पांतून ऐकलं. पाचव्या वळणावर पाइपांनी भरलेला एक ट्रक मागे येत रस्त्यात आडवा झाला. साहेबाने ब्रेक दाबला, आणि गाडी ट्रकपासून दोन हातांवर उभी राहिली. मुलगी झाली, सुखरूप. साहेब ज्याला त्याला सांगत सुटला, “ब्रेक मी स्वतः केले होते, दोनच दिवस आधी!” सासूबाई ते ऐकत आणि काही म्हणत नसत. त्यांच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं.

मी भंगारात जाणार होतो. सासूबाईंनी जाऊ दिलं नाही. त्यांनी मला तीनदा साबणाने धुतलं, जाड कापडाची खोळ शिवली, आणि आता कापड बेतताना ते हलू नये म्हणून मला त्याच्यावर ठेवतात. काम हलकं आहे. झिजायचं नाही, नुसतं दाबून बसायचं.

काल दुपारी साहेब दारात येऊन उभा राहिला. घरात दुसरं कोणी जागं नव्हतं. बराच वेळ तो चौकटीचा रंग नखाने खरवडत होता.

“आई, तो उलटा मी लावला होता. आणि तुम्ही सांगितल्यावरही तसाच ठेवला होता.”

“माहीत आहे.”

“ट्रक समोर आला तेव्हा मला तेच आठवलं. तसंच राहिलं असतं तर…” सुरक्षेवर तास तासभर भाषणं ठोकणारा माणूस पुन्हा चौकट खरवडायला लागला.

सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. “पोर उठलीय बघा. घ्या तिला.”

“मी? मला अजून नीट जमत नाही.”

“म्हणूनच घ्या. मानेखाली हात घाला आधी. असा नाही. हां, असा.”

त्याने दोन्ही हातांनी मुलीला उचललं, सासूबाई सांगत होत्या तसं, एकेक बोट त्या सांगतील तिथे ठेवत. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण या माणसाला दुसऱ्याचं ऐकून काही करताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि खरं सांगायचं तर मला हात असते तर मी डोळे पुसले असते.

असो. सासूबाईंनी नवं कापड पसरलंय, आणि ते सरकायला लागलंय. तुम्ही निघा आता. मला काम आहे.