तांबड्या फडक्यातली प्रत

मी एका इंग्रजी नाटकाची जुनी प्रत आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावर हळदीकुंकवाचे डाग आहेत. म्हैसूरच्या एका घरात वीस वर्षं माझी पूजा झाली. हसू नका. मला स्वतःलाही तो मान कधी नीट पचला नाही.

माझ्या पोटात चारशे वर्षांपूर्वीची एक गंमत आहे. जहाज फुटून जुळ्या भावाबहिणीची ताटातूट होते. बहीण पुरुषाचा वेश घेऊन परक्या गावात चाकरीला राहते. मग लोक हिला तो समजतात, त्याला ही समजतात, आणि जो काही घोळ होतो तो शेवटच्या, पाचव्या अंकात सुटतो.

१९६७ साली नरसिंह रंगारी यांनी मला विकत घेतलं. कापड रंगवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. माझ्या पहिल्या पानावर त्यांच्या निळ्या अंगठ्याचा ठसा आहे आणि तो मी अजून मिरवते. मी त्यांच्या मुलीसाठी होते. अनुसूया तिचं नाव. त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी ती.

अनुसूया घरी मराठी बोलायची, पण शाळा सगळी कन्नडमधली. लिहायला बसली की हात कन्नड अक्षरांकडेच वळायचा. म्हणून वर्गात कळलेलं सगळं ती माझ्या समासात मराठीतच, पण कन्नड अक्षरांत लिहून ठेवायची. शेजारच्या मुलीनं ते वाचून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अय्यो, अक्षर नम्मदे, मातु यारदु?" म्हणजे अक्षरं आमचीच, पण बोली कुणाची? मला फार मौज वाटली. माझ्यातल्या मुलीनं पुरुषाचे कपडे घातले होते आणि माझ्या समासातल्या मराठीनं कन्नडचे.

चौथा अंक शिकवून झाला आणि अनुसूयेची आई, अंबाबाई, अर्धांगानं अंथरुणाला खिळली. धाकटा भाऊ शामसुंदर अजून शाळेत होता. अनुसूयेला कॉलेज सोड असं कुणी म्हटलं नाही. जा असंही कुणी म्हटलं नाही. एका दुपारी तिनं वडिलांनी रंगवलेल्या तांबड्या कापडाचा तुकडा घेतला, त्यात मला गुंडाळून घट्ट गाठ मारली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. पाचव्या अंकाचा समास कोरा राहिला. मला तिचा राग आला होता, आणि घरातल्या सगळ्यांचा तर त्याहून जास्त.

दहा वर्षांनी शामसुंदरची बायको जयलक्ष्मी घरात आली. ट्रंक आवरताना तिला मी सापडले. तांबड्या फडक्यात बांधलंय म्हणजे पोथीच असणार! तिनं गाठ न सोडता मला नमस्कार केला आणि थेट देवघरात नेऊन ठेवलं. अनुसूया दारातच उभी होती. ती काहीतरी बोलणार असं मला वाटलं.

"असू दे," ती एवढंच म्हणाली. "तिथंच बरी हाय."

तेव्हापासून मला रोज कुंकू लागायचं, पण उघडत कुणीच नव्हतं. वाळवीला मात्र पोथी आणि नाटक सारखंच. तिनं माझा एक कोपरा खाऊन टाकला.

मग ते बिऱ्हाड म्हैसूरच्या वेशीवरच्या हूटगळ्ळीला गेलं. जयलक्ष्मीची मुलगी वेदवती तिथून बसनं कॉलेजला जाऊ लागली. दसऱ्यात सरस्वतीपूजेला तिची पुस्तकं माझ्या शेजारी मांडली आणि मी दचकलेच. सगळ्यांत वर मीच! तेच नाटक, नवी कोरी प्रत, गुळगुळीत कव्हर. माझं जुळं भावंड म्हणा ना.

विजयादशमीला पूजेतली पुस्तकं उचलायची आणि दोन ओळी तरी वाचायच्या, अशी त्या घरची रीत. वेदवती तोंड पाडून बसली होती.

"अम्मा, हे इंग्लिश माझ्या डोस्क्यात शिरतच नाही. सुट्टी संपली की मी कॉलेजला जाणार नाही. साकु, पुरे झालं."

स्वयंपाकघरात पोळी लाटत असलेल्या अनुसूयेचं लाटणं थांबलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

"सणाचं असं बोलू नये," जयलक्ष्मी म्हणाली. "तुझं पुस्तक राहू दे. ती पोथी सोड, दोन ओळी वाच."

तीस वर्षांची गाठ सुटली. वेदवतीनं मला पाहिलं आणि खो खो हसत सुटली. "अम्मा, ही पोथी न्हवं! हे माझंच टेक्स्ट हाय!" जयलक्ष्मीचा हात गालावर गेला. तेवढ्यात वेदवतीला समास दिसला. ती कन्नड समजून अडखळत वाचू लागली, आणि वाचता वाचता तिला कानांनी कळलं की ही तर घरचीच बोली आहे.

"ही... पोरगी हाय. त्यास्नी ठाव नाही, आपल्याला ठाव हाय. म्हणून हसू येतंय..."

"आणि वाईट बी वाटतंय," आतून आवाज आला.

पिठाच्या हातांनी अनुसूया दारात उभी होती.

"वन्सं, हे तुमचं?" जयलक्ष्मी पुटपुटली.

"आत्या, तू कॉलेजात होतीस? मग मला कधी बोलली का नाहीस?"

"कुणी इचारलंच नाही गं."

 वेदवती सरकून बसली. "पाचवा अंक सांग की."

"तो मला कुठं शिकवला? त्याच्या आधीच मी सोडलं."

"मग दोघी मिळून वाचू. तू बसणार असशील तर मी बी सोडत नाही."

त्या दिवशी पोळ्या थंड झाल्या. त्या मुलीच्या गोष्टीचा शेवट मोठा गमतीचा आहे. ती खरं नाव सांगते, पण तिचे स्वतःचे कपडे दुसऱ्याच कुणाकडे राहिलेले असतात. पडदा पडेपर्यंत ती पुरुषी वेशातच. अनुसूयेनं पेन्सिल मागितली. माझ्या कोऱ्या समासात कन्नड अक्षरांत तिनं सावकाश लिहिलं, "तिची साडी अजून आलीच नाही. तरी वळखली."

मित्रांनो, आता मी वेदवतीच्या टेबलावर असते, आणि कुंकवापेक्षा पेन्सिलच मला जास्त शोभते. तुमच्या घरी तांबड्या फडक्यात काही बांधून ठेवलं असेल तर नमस्कार करा, पण आधी गाठ सोडा. आणि स्वयंपाकघरात कुणी लाटत असेल, तर तिलाही एकदा विचारा की तुझं वाचायचं काय राहिलंय.