डावीकडची सावली
जळगाव जामोदच्या आसपासची एकही भिंत हबीब पेंटरनं सोडली नव्हती. बीटी कपाशीच्या जाहिरातींचं काम आलं तेव्हा तो आणि त्याचा पोरगा अकरम यांनी गावोगावी टपोरी, पांढरीशुभ्र बोंडं रंगवली. पुढं खऱ्या बोंडांत गुलाबी अळी निघाली, तशी लोकांनी रंगवलेल्या बोंडांवर शेण फासलं. कंपनीवाले कुठं सापडणार? पेंटर तेवढा हाताशी होता. काम तुटलं, आणि अकरम मुंबईच्या एका दलालाला धरून जहाजावर रंगकामाला गेला.

जहाज कसलं, गंजलेलं धूड नुसतं. समुद्रापलीकडं लढाई पेटलेली, शत्रूच्या आरमारानं बंदरं अडवून धरलेली. हे जहाज नाव बदलून, नजर चुकवून पीठ आणि औषधं आत पोचवायचं. दोराला लोंबकळत जुनं नाव पुसायचं आणि नवं काढायचं, हे अकरमचं काम. घरच्या बायका घाबरतील म्हणून त्यानं ते फक्त बापाला सांगितलं होतं.

"अब्बा, कप्तान म्हन्ते, नाव जुनाट दिसलं पाह्यजे. साधंच काढ म्हन्ते," शेवटच्या फोनवर तो म्हणाला.

"काऊन बे? सावली देल्याबिगर अक्षर नंगं दिसते. माह्या नावाले बट्टा नको लावू."

"हाव, अब्बा," अकरम हसला.

सगळे पेंटर अक्षराची सावली उजवीकडे काढतात. हबीब डावखुरा, त्याची डावीकडे पडायची, लालभडक. पोरानं उजव्या हातानं तीच उचलली होती.

त्यानंतर फोन आला नाही. घरात कुणाला अन्न गोड लागेना. एके दुपारी सून कौसर मोबाईल घेऊन धावत आली. आरमारानं एक जहाज बुडवलं होतं, त्यावरचं कुणीच वाचलं नव्हतं.

"अब्बा, घाबरू नोका! हे 'मरियम' हाय. ह्यायचं जहाज तर 'गुलशन'!" तिला हसू आणि रडू एकदमच आलं. सासू बानोनं अल्लाच्या नावानं वाटायच्या नियाजसाठी शिरा करायला घेतला.

हबीबनं फोटो पाहिला. तोफा डागण्याआधी काढलेला. गंजून लाल झालेलं लोखंड, त्यावर नवंकोरं पांढरं नाव, आणि प्रत्येक अक्षराच्या डाव्या अंगाला सावली.

कौसर पुढं वाचतच होती. "पाहा ना अब्बा, एवढ्या भंगार जहाजावर एवढं सुंदर नाव, म्हनूनच संशय आला म्हन्ते. कोन्या येड्यानं काढलं असन?"

हबीबला उमगलं. पोराला तोफेनं नाही, आपणच मारलं. ओसरीत ऊन होतं, शेजारणी जमल्या होत्या, कौसर हसत होती.

बानोनं वाटी पुढं केली. "घ्या, तोंड गोड करा. पोरगा सलामत हाय."

हबीबनं शिरा तोंडात घातला आणि गिळला.