ओलबाबाची सळई

सकाळीच मोहरीच्या बांधावर सगळा गाव लोटला होता. ओलबाबाने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि हातातली लोखंडी सळई जमिनीत खोल खुपसली. वर काढली तेव्हा टोकातून टपटप थेंब गळले. माणसांनी हात जोडले. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता, तळ्याचा चिखल वर आला होता, पण बाबाच्या सळईला जिथे टोचाल तिथे झरा.

बाबाची टकळी सुरू झाली. धरणीमातेचं पोट भरलंय, भरल्या पोटी पाणी पाजलंत तर ती कोपेल. फुलं गळली म्हणजे मोहरीची तहान मिटली. आजची पाण्याची पाळी सोडून द्या.

तळ्यातल्या पाण्यात यंदा प्रत्येक शेताला दोनच पाळ्या बसत होत्या. पहिली फुलोऱ्याआधी देऊन झाली होती, दुसरी आज होती. आणि गावाचा नियम असा, की सोडलेली पाळी शेवटच्या शेताला जाते. शेवटचं शेत पंपवाल्याचं. बाबाला जीपमध्ये घालून आणणाराही पंपवालाच. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हात जोडले की लोकांची डोकी आपोआप बंद होतात.

आज पाळी असलेलं हे शेत वहिनीचं आणि तिच्या दिराचं, सामाईक. वहिनी तेलाचा घाणा चालवायची. तिने एक शेंग सोलून दाणा नखाने दाबला. नुसतं हिरवं पाणी निघालं. दाणा आत्ता कुठे भरायला लागला होता. आज तो तहानलेला राहिला तर सुरकुतणार, घाण्यातून पेंड निघेल, तेल नाही. दोघांच्या घरचं वर्ष या शेतावर होतं, आणि दीर पाळी सोडल्याचा अंगठा उठवायला निघालेला.

"भावजी, थांबा," ती म्हणाली.

"वहिनी, थेंब तुम्हीही बघितलेत ना?"

"बघितले. बाबांचा अंगठाही बघितला. थेंब पडायच्या आधी दर वेळी तो सळईच्या माथ्यावरून हलतो. बाबा, जरा द्या बघू ती इकडे."

बाबा दोन पावलं मागे सरला. बाईचा हात लागला तर धरणी कोपते म्हणाला.

"माता म्हणता ना तिला? मग तिला बाईचं वावडं कसं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दिराचा चेहरा पडला. त्याने पुढे होऊन सळई हिसकावली, तसा बाबाचा अंगठा सुटला आणि टोकातून धार लागली ती थेट बाबाच्या पायांवर.

सळई कसली, नळी होती. आत पाणी, टोकाशी बारीक भोक, माथ्यावर दुसरं. वरचं भोक दाबलं की पाणी अडतं, सोडलं की गळतं. पिंपातून तेलाचा नमुना काढताना वहिनी रोज हेच करायची, पण तिच्या पाया कुणी पडलं नव्हतं.

तिने कुदळ मागवली आणि सळईच्याच जागी हातभर खणायला लावलं. खालची माती दिराने मुठीत आवळली. गोळा झाला नाही, बोटांमधून कोरडा भुगा सांडला. मूठ झटकून तो पाटाकडे गेला आणि पाणी आपल्या शेतात वळवलं.

पंपवाल्याची जीप तोवर निघाली होती. बाबाला घ्यायचं तो विसरला. जमलेल्यांपैकी निम्म्यांना आधीपासूनच संशय होता म्हणे. उरलेल्यांतला एक म्हातारा वहिनीच्या पायांकडे वाकला, तिच्यात काहीतरी शक्ती आहे म्हणत.

वहिनीने त्याला दंडाला धरून उभा केला.

"काका, एक ढोंगी गेला तर लगेच मला बसवता काय त्याच्या जागी? पाणी थोडं असलं तर एक पाळी फुलोऱ्याआधी द्या, दुसरी शेंग भरताना. मीही चुकत असेन. उद्या माझ्या शब्दावर जाऊ नका, माती उकरा, शेंग सोला. हात तुम्हाला तेवढ्यासाठी आहेत, जोडायला नाहीत."