टोपलीखुर्चीने पाहिलेली पाठ

मित्रांनो, जुन्या वेताचा, मिठाचा आणि कुबट वास येईल तिथे मला शोधा. मी एक टोपलीखुर्ची आहे. वेताने विणलेली, डोक्यावर छत असलेली, दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी रुंद. आमच्या बाल्टिक समुद्राचा वारा मोठा खाष्ट. भर जुलैतही तो हाडांत शिरतो. म्हणून आमच्या किनाऱ्यावर माणसं उघड्या वाळूवर फार वेळ बसत नाहीत, माझ्यासारखीच्या कुशीत शिरतात. आता मात्र मी, आम्हा खुर्च्या भाड्याने देणाऱ्या पागेलच्या वखारीत भिंतीकडे तोंड करून पडले आहे. माझी पाठ कुजली आहे आणि ती कधी कुजायला लागली हे मला कोणी सांगितलं नाही.

मला विणलं एका आंधळ्या कारागिराने. त्याची बोटंच त्याचे डोळे होते. शेवटचा वेत आवळून झाल्यावर त्याने माझ्या पाठीवरून दोन्ही हात फिरवले आणि म्हणाला, "इथे गाठ राहिली आहे. बसणाऱ्याला टोचेल." सगळी ओळ उसवून त्याने ती पुन्हा विणली. माझ्या पाठीकडे इतकं लक्ष नंतर कोणीही दिलं नाही.

मग मी या सुट्टीगावाच्या किनाऱ्यावर आले. इथली रीत तुम्हाला विचित्र वाटेल, आम्हाला कधी वाटली नाही. इथे अंगावर कपडे ठेवायचे की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि बहुतेक लोक काढूनच ठेवत. आजी, आजोबा, कारखान्याचा साहेब, त्याचा ड्रायव्हर, सगळे जन्माला आले तसे. जो कपडे घालून येई त्यालाच लोक हळूच 'कपडेवाला' म्हणत. नियम दोनच होते. खुर्चीवर टॉवेल अंथरून बसायचं आणि दुसऱ्याच्या अंगाकडे बघायचं नाही. मला हा दुसरा नियम फार आवडायचा. त्याच्यामुळेच सुटलेल्या पोटाची, शस्त्रक्रियेच्या व्रणांची, एका पायाची माणसं माझ्या कुशीत निर्धास्त बसली. मी मनात म्हणायचे, जगात कुठे असा सभ्यपणा असेल? आता तो शब्द ऐकला की माझा वेत कडकडतो.

आमच्या देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे करणारी भिंत पडून देश एक झाला, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात पश्चिमेकडून एक जोडपं आलं. लोरेन्झ आणि इर्मेला. दोघांनी न्हाणीघरातले झगे गळ्यापर्यंत आवळले होते. पागेलने माझ्या पुढच्या जाळीच्या कुलपाची किल्ली त्यांच्या हातात दिली.

"पहिल्यांदाच आलात वाटतं?"

"इतकं ओळखू येतं?" लोरेन्झने विचारलं.

"झग्याचं काही नाही हो. पण वाळूत मोजे घालून कोण येतं?"

लोरेन्झ पोट धरून हसला. इर्मेलाने मोजे काढले आणि माझ्या एका कोपऱ्यात चोरासारखी बसली. ती नन्सच्या शाळेत वाढलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी सासरी गेली, पण त्यांच्या घरी आधी दिवा मालवायचा आणि मग कपडे बदलायचे, असा शिरस्ता होता. इथे यायचं खूळ लोरेन्झचं.

"अगं, तुझे गुडघे मी फक्त एक्स-रेमध्ये पाहिलेत," तो म्हणाला. "म्हातारे होण्याआधी एकदा उजेडात एकमेकांना बघू तरी."

"बघून काय उजेड पडणार आहे? आहे तेच दिसेल."

शेजारच्या खुर्चीत ट्राउटेबाई विणकाम करत बसायच्या. डोक्यावर गवती टोपी, बाकी काही नाही. गावच्या दवाखान्यात त्या जन्मभर परिचारिका होत्या. इर्मेलाची तारांबळ बघून त्यांनी तिला रीत शिकवली.

"सोपं असतं, पोरी. डोळे समोरच्याच्या डोळ्यांत ठेवायचे. खाली घसरले तर समुद्राकडे वळवायचे. समुद्राला कोणी लाजत नाही."

इर्मेलाचा जीव भांड्यात पडला. न बघण्याचा नियम! हा तर तिला लहानपणापासून तोंडपाठ होता. तिने झगा सोडला, टॉवेल नीट अंथरला आणि नजर क्षितिजावर खिळवली. तिने तो नियम इतका मनापासून पाळला की स्वतःच्या नवऱ्यालाही त्यातून सूट दिली नाही. बघायला म्हणून आलेली ही दोघं, आणि बघायचंच तेवढं राहून गेलं.

मी मात्र पाहिलं. लोरेन्झ वाऱ्याला आडोसा म्हणून माझ्याभोवती वाळूचा तट बांधायला वाकला आणि त्याची पाठ माझ्यासमोर आली. डाव्या खांद्याखाली एक डाग होता. तिळापेक्षा मोठा, कडा फाटलेल्या, मध्ये निळसर काळा. मी किनाऱ्यावर हजारो पाठी पाहिल्या आहेत. तीळ कसा असतो ते मला ठाऊक आहे. हा तीळ नव्हता. पण वेताला तोंड कुठून आणायचं?

दुपारी इर्मेला त्याच्या पाठीला तेल चोळायला बसली. हात पाठीवर, डोळे समुद्रावर. तिची बोटं त्या जागी अडखळली.

"हे काय लागतंय रे खडबडीत?"

"तीळ असेल. आईलाही होते. तू चोळ गं, सोडू नकोस."

ती पुढे चोळत गेली. मान मात्र वळवली नाही. तेव्हा मला तो आंधळा विणकर आठवला. डोळे नसताना त्याला गाठ सापडली होती आणि ती त्याने तशी राहू दिली नव्हती.

ट्राउटेबाईंनीही पाहिलं. त्यांच्या सुया थांबल्या. सगळी मंडळी कॉफी आणि आलुबुखारांचा केक घेऊन जमली होती. लोरेन्झ पाठमोरा उभा राहून केक कापत होता, तेव्हा बाई घसा खाकरून म्हणाल्या, "लोरेन्झ, तुमच्या पाठीवर जे आहे ना..."

"अरेच्चा!" लोरेन्झने सुरी उंचावली. "बाई, इथे बघायची मनाई आहे ना? नियम तुम्हीच शिकवला आणि मोडलाही तुम्हीच?"

हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "ट्राउटेबाई, ह्या वयात?" बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी विणकाम उचललं आणि टाके चुकवत विणत राहिल्या. लोरेन्झने केकचा सगळ्यात मोठा तुकडा त्यांच्यापुढे धरला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या दिवशी कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच मला अजून कोणावर धड रागावता येत नाही.

त्यांची सुट्टी फार सुखाची झाली, हे सांगताना माझा जीव तुटतो. इर्मेला पाण्यात शिरली, लाटेने आपटली, फिदीफिदी हसत बाहेर आली. खारवलेल्या माशाचे पाव दोघांनी एकमेकांच्या हातचे ओढून खाल्ले. दुपारी लोरेन्झ मला टेकून घोरायचा. त्याच्या टॉवेलमधून तेल झिरपायचं आणि माझ्या निळ्या पट्ट्यांच्या कापडावर त्याच्या पाठीचा ठसा उमटायचा. निघताना तो पागेलला म्हणाला, "पुढच्या वर्षी हीच खुर्ची ठेवा हं. हिला माझी पाठ ओळखीची झाली आहे."

पुढच्या उन्हाळ्यात इर्मेला एकटी आली. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. वाळू तापली होती, तरी पायात मोजे होते. ती माझ्या एका कोपऱ्यात बसली, तोच जुना कोपरा, आणि दुसरी बाजू रिकामी ठेवली. किनाऱ्यावरच्या लोकांनी रीतीप्रमाणे तिच्याकडे बघितलं नाही. ट्राउटेबाई तेवढ्या हात हलवत आल्या.

"आलीस का पोरी! लोरेन्झ मागून येताहेत वाटतं?"

"गेला तो. मार्चमध्ये." इर्मेला समुद्राकडे बघून बोलत होती. "पाठीवर होतं. तिथून आत सगळीकडे पसरलं. डॉक्टर म्हणाले, गेल्या उन्हाळ्यात आणलं असतं तर बघता आलं असतं."

ट्राउटेबाई वाळूतच बसल्या. टॉवेल घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

"मी पाहिलं होतं गं."

"माहीत आहे मला. केकच्या दिवशी."

"बोलायला लागले होते मी. सगळे हसले आणि मी लाजले. जन्मभर परक्यांची अंगं पुसली ह्या हातांनी, कधी लाजले नाही, आणि नेमकी त्या दिवशी लाजले."

"तुम्ही तर परक्याच," इर्मेला म्हणाली. "माझा हात होता त्याच्यावर. रोज. मी त्याला तेल चोळत होते बाई, आणि बगळे मोजत होते."

मग तिने कोटाची बटणं सोडली. कोट खाली पडला, आतला सदरा पडला. तिने ट्राउटेबाईंकडे पाठ केली.

"बघा."

"इर्मेला, अगं..."

"नीट बघा. हात लावून बघा. आता माझी पाठ बघायला घरात कोणी नाही."

ट्राउटेबाई उठल्या. भर दुपारी, सगळ्या किनाऱ्यासमोर, त्यांनी चष्मा लावला आणि मानेपासून कमरेपर्यंत एकेक ठिपका बोटाने चाचपला. आजूबाजूच्या लोकांनी माना समुद्राकडे वळवल्या. सभ्य माणसं ती!

"काही नाही गं," बाई शेवटी म्हणाल्या. "अगदी स्वच्छ आहे पाठ."

इर्मेलाने वाकून सदरा उचलला. "काही असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. तिने कोट चढवला आणि माझ्या कापडावरच्या त्या तेलकट ठशाला गाल लावून बसली. पागेल कापड बदलायचं म्हणत होता, तिने बदलू दिलं नाही. संध्याकाळी ती गेली. पुन्हा आली नाही. पुढे ट्राउटेबाईही यायच्या बंद झाल्या.

माझं पुढचं थोडक्यात सांगते. लोक मला समोरून पुसायचे, कापड झटकायचे, छत उघडून पाहायचे. मागे पावसाचं पाणी वेतात मुरत होतं, तिकडे कोणी गेलं नाही. एका वादळात माझी पाठ मोडली, तेव्हा पागेल हळहळला. "वरून किती चांगली दिसत होती!" त्याने मला वखारीत आणून टाकलं. तो ठसा अजून माझ्या कापडावर आहे. अंधारात तोही कोणाला दिसत नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. माझं आता काही व्हायचं नाही. पण तुमच्या घरात माणसं आहेत, आणि प्रत्येकाला एक पाठ आहे. आपली पाठ आपल्याला कधीच दिसत नाही, ती दुसऱ्यालाच बघावी लागते. तिथे लाज, रीत, थट्टा काही आड येऊ देऊ नका. कोणी हसलं तर हसू द्या, पण अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करा. उद्या सकाळी चांगलं ऊन पडलं की आपल्या माणसाला खिडकीपाशी बोलवा आणि म्हणा, "जरा वळ, बघू दे."