हुर्नीची कावड

रिंजानी डोंगराच्या वाटेवर आम्ही सेंबालून गावची माणसं ओझं पाठीवर घेत नाही, कावडीत घेतो. बांबूची दांडी, पुढे एक टोपली, मागे एक. डोंगर चढायला आलेल्या पाहुण्यांचे तंबू, भांडी, तांदूळ, पाणी, सगळं त्यात मावतं. आमच्या घरात ही कावड आजवर पुरुषांनीच उचलली. पण माझी नात हुर्नी शाळा संपल्यावर लसणाच्या वाफ्यात बसायला तयार नव्हती. तिला डोंगरावर जायचं होतं.

माझा मुलगा साहनून, म्हणजे तिचा मामा, हमालांच्या टोळीचा म्होरक्या. त्याचा एक गडी तापाने अंथरुणाला खिळला होता. साहनूनने हुर्नीला अट घातली: तीन दिवसांचं सामान तिने एकटीने भरायचं. कावड त्याच्या मनासारखी भरली तर ती येईल, नाहीतर तो खालच्या वाडीतून कुणाला तरी बोलावेल.

हुर्नी दुपारभर खपत होती. पुढच्या टोपलीत तिने खाण्यापिण्याचं सगळं रचलं: तांदूळ, अंडी, सुके मासे, चार अननस, पाण्याच्या बाटल्या. दुसरीत तंबू, झोपायच्या पिशव्या, चार पाहुण्यांचे जाड कोट. हवी ती वस्तू चटकन सापडावी, असा तिचा विचार. मग दांडी खांद्यावर घेतली. दोन्ही टोपल्या अगदी समतोल. ओट्यावर बसलेल्या शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

चूक मला दिसत होती. पण नुसती सांगितलेली चूक एका कानाने आत जाते आणि दुसऱ्याने बाहेर पडते. म्हणून मी पोरांना म्हटलं, चला, आपण डोंगर चढू. तुम्ही पाहुणे, हुर्नी हमाल, आणि पेरूचं झाड म्हणजे पहिला मुक्काम.

पेरूखाली पाहुण्यांना भूक लागली. मी त्यांना पहिल्या दिवसाचं जेवण टोपलीतून काढायला लावलं. तांदळाची एक पिशवी गेली, अंडी गेली, निम्मं पाणी गेलं. एक पोरगा म्हणाला, त्याला आणखी भूक आहे, आणि त्याने एक अननसही उचलला. मग मी तांब्याभर पाणी तंबूवर ओतलं. वर ढगात झोपलं की सकाळी तंबू असाच निथळत असतो.

"आता दुसरा दिवस उजाडला. चल पुढे," मी म्हणालो.

हुर्नीने दांडी उचलली. मागची टोपली जमिनीवरच बसून राहिली, पुढची हवेत लोंबकळली. पोरं हसून लोळली.

"पापुक, तुम्ही मुद्दाम केलंत," ती रागाने म्हणाली.

"मी कुठे? पाहुणे जेवले, ढगाने तंबू भिजवला. आजोबाने फक्त बघितलं."

तिने पोरांनी काढलेले जिन्नस परत घेतले. मग तिने दोन्ही रिकाम्या केल्या. या वेळी खाणं दोन्हीकडे निम्मं निम्मं, आधी लागणारं वर. भिजणारं सामानही दोन्हीकडे वाटून. पोरांना तिने स्वतःच पुन्हा जेवायला बसवलं, दोनदा. दांडी हलली नाही.

संध्याकाळी साहनून आला. त्याने कावड उचलून पाहिली, हुर्नीला अंगणभर चालवलं, मान डोलावली. मग विचारलं, तिचं स्वतःचं सामान कुठे आहे. तिचं जाकीट आणि घोंगडी ओट्यावरच पडली होती. जागा उरली नव्हती. ती म्हणाली, अंगाभोवती गुंडाळलेल्या सारोंगवर भागवीन.

"वरच्या वाऱ्यात सारोंग काय कामाचं? तू गारठलीस की तुझं ओझं कोण उचलणार? मीच ना? मग त्यापेक्षा खालच्या वाडीतलाच बरा."

हुर्नीचा चेहरा उतरला. हे तिचं तिलाच सोडवायचं होतं. तिने पाहुण्यांच्या कोटांना हात लावला आणि ते तसेच ठेवले. तांदूळ चाचपला, तोही ठेवला. शेवटी दोन्ही टोपल्यांतून एकेक अननस काढला. पुढे जाकीट कोंबलं, मागे घोंगडी. दांडी खांद्यावर घेऊन पाहिली. सरळ.

"आणि पाहुण्यांना काय सांगू?" साहनूनने विचारलं.

"चौघांना दोन अननस पुरतात, तुआक," ती मामाला म्हणाली. "कुरकुरले तर सांगा, अननसांच्या जागी हमालीण गरम ठेवली."

साहनूनला म्होरक्या म्हणून हसायचं नव्हतं, पण हसू आलंच. त्याने ते दोन्ही अननस काखेत मारले. त्याच्या कावडीत त्यांना जागा होईल, एवढंच म्हणाला आणि फाटकाकडे निघाला.

"पहाटेच्या नमाजानंतर फाट्यावर ये," तो न वळताच म्हणाला. "उशीर केलास तर थांबणार नाही."

पोरांना पुन्हा डोंगर चढायचा होता. हुर्नीने त्यांना घरी पिटाळलं आणि ओला तंबू दोरीवर वाळत घातला.